आत्या, तुझं आडनाव काय लिहू?

प्रिय आत्या,

माझ्या लग्नाची पत्रिका छापून आली आहे आणि तिच्यात तुझं नाव आहे. ते कसं लिहायचं हे तुला न विचारताच ठरवावं लागलं. विचारणार तरी कसं? गेल्या मार्गशीर्षात तू निघून गेलीस, तीही गवार निवडता निवडता, कुणाला काही कळायच्या आत. म्हणून आता लिहून कळवते. चष्मा सापडत नसेल तर देवघराच्या फळीवर बघ, तिथंच विसरायचीस. आणि सावकाश वाच, कारण मला सांगायचं थोडं आहे आणि विचारायचंच जास्त आहे.

हो, माझं लग्न! हसलीस ना? एकोणतिसावं लागलं तेव्हा तूच म्हणाली होतीस, "रोपांचीच सोयरीक जमवत बस आता." तर जमली एकदाची. मुलगा सुप्याचा, सागर चांदगुडे. ठिबकची कामं घेतो. आपल्या नर्सरीतला, रोपांवर धुक्यासारखं पाणी उडवणारा फॉगर गळत होता, तो दुरुस्त करायला आला. तो धड दुरुस्त झाला नाही म्हणून पुन्हा आला. मग पुन्हा आला. मुद्दाम धड केला नसणार अशी मला आता शंका येते. विचारलं तर नुसता हसतो.

तुला आवडला असता का गं? मला वाटतं, आधी तू त्याला उन्हात उभं करून वाफ्यातलं गवत उपटायला लावलं असतंस आणि मग ठरवलं असतंस.

लग्न ठरल्यावर आम्ही एकदा फाट्यावरच्या रसवंतीत बसलो होतो. त्यानं सहज विचारलं, "लग्नानंतर नाव काय लावणार?" मी म्हटलं, "दोन्ही. बारवकर-चांदगुडे." त्यानं रसाचा ग्लास खाली ठेवला, हवेत बोटानं ते नाव लिहून बघितलं आणि म्हणाला, "एवढं आधार कार्डावर मावंल का?" मग स्वतःच विचारात पडला. "लाव की. मग मी बी लावू का? पण आपल्या पोरानं अशाच दोन आडनावांच्या पोरीशी लग्न केलं तर त्यांच्या पोराची चार हुतील. त्याची हजेरी घेता घेता शाळा सुटंल." मला हसू आवरेना. पण आत्या, खरंच काय करायचं अशा वेळी? लोक काय करतात? बँकेतल्या मॅडमना मी विचारलं, त्यांच्या टेबलावर दोन आडनावांची पाटी आहे. त्या म्हणाल्या, "मुलांनी एकच लावलंय, वडलांचं. दोन लिहायचा कंटाळा येतो म्हणे." म्हणजे एवढी खटपट एका पिढीपुरतीच!

मला दोन का हवीत, असं तू विचारशील. आधी कारण साधंच होतं. टोमॅटोची, मिरचीची, कलिंगडाची रोपं न्यायला लोक लांबून येतात, ते 'बारवकर मॅडम'ची रोपं न्यायला येतात. उद्या बोर्डावर नुसतं चांदगुडे आलं तर त्यांना वाटेल नर्सरी विकली. पण एक दिवस ट्रे भरता भरता माझ्या लक्षात आलं, की मधलं अण्णांचं नाव जाणार आणि तिथं सागरचं येणार. शेवटचं बारवकर जाणार, तिथं चांदगुडे येणार. मग माझ्याकडे राहणार काय? तू ठेवलेलं 'स्वाती', एवढंच. आणि काही घरांत तेसुद्धा ताटातल्या तांदळात बोटानं नवं लिहून बदलतात.

बारशाला माझ्या कानात कुर्र करून नाव सांगणारी तू. तो मान आत्याचाच. मग आडनावाचं मी दुसऱ्या कुणाला विचारू? तू असतीस तर पाटावर बसवून एका वाक्यात निकाल लावला असतास.

सागरच्या आईंची मला धाकधूक होती. त्या लसूण सोलत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्यात असं कुणी लिवलं न्हाय. पर लिव. पोस्टमनला घर घावलं म्हंजी झालं." संपला विषय! मी उगाच रात्रभर बोलायची तयारी करून गेले होते.

मग अडवलं कुणी असेल? ओळख बघू. आपल्या अण्णांनी!

अंगणात बाजेवर आडवे झाले होते. मी सांगितलं तसे ते एकदम उठून बसले. "सासरी नांदायला चाललीस, का माघारी यायची सोय करून ठिवतीस?"

मी म्हटलं, "अण्णा, नाव लावायचं म्हणतेय, परत यायचं नाही."

"आपलं नाव घिऊन जी जाती तिचं एक पाऊल हितंच आसतं. एक आली माघारी ह्या घरात. बास झाली."

तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. आई आत भाकरी थापत होती, तिचा हातही थांबला. आणि मग अण्णा म्हणाले, "तसं लिवायचंच आसंल तर कन्यादानाला दुसरा कुणीतरी बघ."

आत्या, मला राग आला, रडू आलं आणि त्याच वेळी कुतूहलही वाटलं, असं कधी होतं का कुणाला? स्वतःचं नाव पोरीनं पुढं न्यावं म्हटलं तर बाप खूश व्हायला हवा. हा बाप घाबरला होता! कशाला? आणि आता मी काय करायचं होतं? नाव ठेवावं तर मांडवात बाप नाही. बाप हवा तर नाव सोडायचं. अण्णांशिवाय मी बोहल्यावर उभी राहू शकेन का, याचा मी पुष्कळ विचार केला. नाही, आत्या. मला ते जमलं नसतं. आणि नाव मुकाट्यानं सोडणंही जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आईनं हळूच आणखी एक सांगितलं. भावकीतले आबा पारावर बोलले होते म्हणे, "पोरगी बारवकरच लावणार, म्हंजी नर्सरीची जागा काय सोडत न्हाय." दादाला पुण्याला फोन केला तर तो म्हणाला, "तुझं तू बघ, माझं काही नाही." पण ते म्हणायच्या आधी तो जरा थांबला, आणि त्या थांबण्यात मला वहिनीचा श्वास ऐकू आला. की मला उगाचच तसं वाटलं?

असं सगळं अडकून पडलेलं असताना पत्रिकेचा मजकूर लिहायला घेतला. 'ज्यांचे आशीर्वाद पाठीशी आहेत' असं म्हणून गेलेल्यांची नावं घालतात ना, त्यात आजोबा, आजी झाले. आई म्हणाली, "आक्कांचं पायजेच." अण्णा म्हणाले, "घाल की." मी लिहिलं, कै. कमल. आणि पेन थांबलं.

पुढं काय?

अण्णांनी तोंड फिरवून सांगितलं, "मिसाळच लिव. तिला तेच लाडकं हुतं. जल्मभर त्याची वाट बघत बसली."

हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. वरकुट्याच्या दत्तू मिसाळांशी तुझं लग्न झालं, काही वर्षांनी त्यांनी दुसरी बायको आणली आणि तू एक पिशवी घेऊन लोणीला माहेरी आलीस. मी जन्मले तेव्हा तू घरात होतीस आणि गेलीस तेव्हाही याच घरात होतीस. तरी मतदार यादीत, रेशनच्या दुकानात, दवाखान्यात तू कमल दत्तू मिसाळ. अण्णांना ते फार लागायचं. तिकडून मिसाळ गेल्याचा निरोप आला आणि तू डोक्यावरून पाणी घेतलंस, तेव्हा अण्णा केवढ्यांदा ओरडले होते! "कोण लागत हुता त्यो तुझा?" तू केस पुसत एवढंच म्हणालीस, "पाणी थंड हुतं रं." मी शाळकरी होते, पण तो तुझा आवाज माझ्या कानात अजून आहे.

आणि शाळेतलं ते चित्र आठवतं का? मी बाईंनी सांगितलं म्हणून घरातली माणसं काढली होती. तुझ्याखाली लिहिलं, 'माझी आत्या, कमल बारवकर'. तू बघितलंस आणि खोडरबर मागितलंस. "मिसाळ लिव. बारवकर तुजा बाप." मी रुसले होते. चित्रातली तुझी साडी मग मी रंगवलीच नाही.

मला कधी खरंच वाटलं नव्हतं की तू कुणाची वाट बघतेस. वाट बघणारी माणसं जरा तरी रस्त्याकडे बघतात. तू तर सदा वाफ्यात डोकं घालून. पण मग मिसाळ कशाला? हा प्रश्न मला लहानपणापासून होता आणि तू असेपर्यंत मी तो विचारला नाही. घरात सगळ्यांना उत्तर माहीत असल्यासारखंच सगळे वागायचे ना!

छापखान्यातल्या बाईंना म्हटलं, दोन दिवस द्या. आणि नेमकी त्याच दोन दिवसांत वरकुट्याला ढोबळी मिरचीची रोपं पोचवायची होती. एरवी ड्रायव्हर एकटा जातो. मी म्हटलं, मीही येते.

रोपं उतरवून झाली आणि मिसाळांचं घर विचारत गेले. कुणी ओळख दाखवली नाही तर? हाकललं तर? तर अंगणात डाळिंबं निवडत एक ठेंगणी बाई बसलेली. माझ्याकडे बघून म्हणाली, "कमळाक्काची भाची व्हय गं तू? हनवटी तीच हाय." तुझी धाकटी जाऊ, यमुनाकाकू. तू तिचं नाव आमच्यासमोर एकदाही घेतलं नाहीस, आणि ती मात्र माझी हनवटी ओळखत होती!

आत्या, तू दर वर्षी तिकडं जत्रेला जायचीस? आम्हाला सांगायचीस, इंदापूरला मैत्रिणीकडे जाते. कोण ही मैत्रीण, हे विचारावंसं आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही, कमाल आहे.

काकूंनी डाळिंब फोडून पुढ्यात ठेवलं. म्हणाल्या, "एस्टीनं यायची. माज्याकडंच उतरायची, त्येंच्या दारात कधी गेली न्हाय. देवाला निवद दावायची, आमच्या पोरास्नी खाऊ द्यायची आन सांजच्या गाडीनं माघारी. ह्यी समदी म्हणायची, थोरली आली. त्यो घरात आसूंदे न्हायतर नसूंदे, थोरली ती थोरलीच."

मी विचारलं. सरळच विचारलं, कारण आता लाजण्यात काही अर्थ नव्हता. "काकू, आत्यानं मिसाळ नाव का सोडलं नाही? त्यांची वाट बघत होती का?"

काकू हसल्या. हातातलं डाळिंब पाटीत टाकून पदरानं तोंड पुसलं. "त्येची वाट? त्यो दिसला तर रस्ता बदलायची ती. म्याबी इचारलं हुतं तिला. म्हणलं आक्का, त्येनं दुसरी केली, तू कशाला ह्ये नाव वागवतीस, टाक की. तर म्हणली, यमुने, भावाच्या घरात र्‍हायाचं तर पाव्हणी म्हणून र्‍हावं. म्या बारवकर लिवलं की गाव म्हणंल, बहीण हिस्श्याला बसली. भावजय नवी हाय, तिचा जीव घाबरा हुईल. मिसाळ लिवलं की समदी निवांत झोपत्यात."

माझ्या हातात डाळिंबाचे दाणे तसेच राहिले.

म्हणजे आम्ही सगळे निवांत झोपत होतो, ते तुझ्या त्या नावाच्या जोरावर? अण्णा, आई, मी, दादा?

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. साखरेचा डबा घेण्याआधी तू आईला विचारायचीस, "घिऊ का गं चमचाभर?" मला वाटायचं, तुझी पद्धतच तशी. तुझी पिशवी कायम खुंटीला, कपाटात कधी ठेवली नाहीस. मला वाटायचं, तुला कपाट उघडायचा कंटाळा. नर्सरीतला पहिला वाफा तू माझ्याबरोबर भरलास, कोकोपीट, तो नारळाचा भुसा, कसा भिजवायचा ते आपण दोघी चुकत चुकत शिकलो, आणि बोर्ड रंगवताना मी म्हटलं, तुझंही नाव घालू, तर म्हणालीस, "माजं कशाला? ज्याची जागा त्येचं नाव." मी समजले, तू साधी आहेस. तू साधी नव्हतीस, आत्या. तू फार हिशेबी होतीस, आणि सगळा हिशेब दुसऱ्यांच्या बाजूनं केलास.

तुला एवढं शहाणं व्हायला सांगितलं होतं कुणी? एकदा तरी अण्णांना सांगायचंस! तो माणूस तुझ्यावर किती वर्षं रुसून बसला होता, तुला दिसत नव्हतं का? की दिसत होतं, आणि तेही चालवून घेतलंस?

निघताना यमुनाकाकूंनी माझा हात धरला. "पत्रिकंत आमचं मिसाळ ठिव बरं का. काढू नको. आमची ती थोरली हाय." मी मान हलवली. गाडीत बसल्यावर मला हसू यायला लागलं आणि डोळेही भरून आले. तू जिवंत असताना दोन्हीकडं पाहुणी होतीस, आणि आता दोन्ही घरांना तू हवी आहेस!

पण आत्या, एक विचारू? तेवढंच कारण होतं का गं? फक्त आईचा जीव घाबरा होऊ नये म्हणून? की त्या जत्रेत कुणी 'थोरली आली' म्हणायचं, ते तुला बरंही वाटायचं? ज्या घरात तू नवी नवरी म्हणून गेलीस, तिथं राबलीस, त्याचं काहीतरी आपल्याकडे राहावं असं वाटत होतं का? काकूंना याचं उत्तर माहीत नव्हतं. मलाही नाही. हे कोडं तू बरोबर घेऊन गेलीस, आणि मला वाटतं मुद्दामच.

संध्याकाळी घरी आले. आई मेथी निवडत होती, अण्णा गाईचं पाणी आटोपून ओट्यावर टेकले होते. मी जसंच्या तसं सांगितलं. काकूंच्या शब्दांत सांगितलं, माझं एकही वाक्य मध्ये घातलं नाही.

आईच्या हातातली जुडी खाली पडली. "म्या कधी म्हणलं का त्यास्नी हिस्श्याचं? येका शब्दानं तरी म्हणलं का?"

"नाही, कधीच म्हणाली नाहीस," मी म्हटलं.

तिनं पडलेली जुडी उचलली आणि म्हणाली, "म्हणलं न्हाय. पर घाबरले हुते. नवी हुते गं. आन त्यास्नी कळलं आसंल." आणि पदर डोळ्यांना लावला. तिच्यावर रागवू नकोस. ती रडली ते खरं होतं.

अण्णा उठले आणि नर्सरीकडे गेले. मी लांबून बघितलं, तर शेडनेटमधून फिरत होते, एखादा ट्रे उचलायचे, परत ठेवायचे. त्यांना त्यातलं काही कळत नाही, तुला ठाऊकच आहे. तुझं कोकोपीटचं घमेलं कोपऱ्यात पालथं ठेवलं आहे, त्याच्यावर जाऊन बसले. मी जवळ गेले नाही.

सकाळी मात्र धुतलेली टोपी घालून तयार. "चल. बारामतीला जायाचंय."

"कुठं?"

"छापखान्यात. दुसरीकडं कुठं?"

वाटेत मी गाडी चालवत होते, ते खिडकीतून उसाकडे बघत होते. मला वाटलं, मिसाळ खोडायला निघाले. आणि मी यमुनाकाकूंना मान हलवून आले होते! आता बापाशी भर छापखान्यात भांडायचं की काय, याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते.

छापखान्यातल्या बाई संगणकापुढं बसलेल्या. आधीच वैतागलेल्या, कारण लग्नसराई आणि प्रत्येकाला त्याच्या भावकीची नावं ऐनवेळी आठवतात. त्यांनी आपला मजकूर काढला. "हां, त्या कमलताईंचं राहिलंय. आडनाव सांगा."

अण्णा खुर्चीवर बसले नाहीत. उभं राहून सांगितलं. "लिवा. कमल बारवकर-मिसाळ."

बाईंनी मान वर केली. "दोन्ही? मधी रेघ?"

"व्हय. दोन्ही. मधी रेघ."

मी अण्णांकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाईंनी टाइप केलं आणि म्हणाल्या, "ओळीत बसंना झालंय. अक्षर बारीक करावं लागंल."

"तिचं न्हाय करायचं बारीक," अण्णा म्हणाले. "खाली माजं हाय ना? निमंत्रक म्हणून? ते करा."

"अहो, निमंत्रकाचं नाव मोठं आसतं!"

"आसूंदे. माजं लई वर्सं मोठंच हुतं."

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी खांदे उडवून अण्णांचं नाव बारीक केलं. आत्या, आता पत्रिका हातात घेतली की तुझं नाव आधी दिसतं आणि तुझ्या भावाचं शोधावं लागतं. भावकी विचारणारच. अण्णा म्हणतात, विचारू दे.

हे सगळं मी तुला न विचारता होऊ दिलं. यमुनाकाकूंचं म्हणणं राहिलं, अण्णांचंही झालं. तुझं काय होतं, ते कुणी विचारलं? तुला नुसतं बारवकर हवं होतं का? की नुसतं मिसाळ? की तू म्हणाली असतीस, "निसतं कमल लिवा आन जेवायला वाढा"? मला हेच शेवटचं सगळ्यात तुझ्यासारखं वाटतं. पण पत्रिकेत तसं चालत नाही म्हणे, आणि चाललं असतं तरी मी ते होऊ दिलं नसतं. तू जन्मभर कमी जागेत बसलीस. एका ओळीत तरी ऐसपैस बस.

येताना अण्णांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. एका पेरूच्या बागेपाशी. पेरू घ्यायचे असतील म्हणून मी थांबवली, तर ते उतरलेच नाहीत. समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "तुजं ते नाव. लाव."

मी इंजिन बंद केलं.

"बारवकर आधी, का चांदगुडे आधी?"

"बारवकर आधी."

"हां." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोळे पुसले की घाम, मी बघितलं नाही. मग म्हणाले, "सुकानं नांद. माघारी यायची पाळी येऊ नये. पर आलीच कधी, तर पाव्हणी म्हणून येऊ नको."

आत्या, हे वाक्य खरं तर तुझं होतं. तू आलीस त्या दिवशी दारात कुणीतरी हे तुला म्हणायला हवं होतं. अण्णा तेव्हा कोवळे होते, त्यांना सुचलं नसेल. आता सुचलं, तर ऐकायला तू नाहीस. म्हणून मी ते तुला लिहून पाठवते आहे. हे तुझ्या भावानं म्हटलं आहे, बारामतीच्या रस्त्यावर, भर उन्हात. माझ्या नावानं म्हटलं असलं तरी तुलाच म्हटलं, यात मला तिळमात्र शंका नाही.

लग्नाला तू नसणार. करवलीवर डाफरायला कुणी नसणार आणि माझ्या अंतरपाटाच्या मागं उभं राहून "पोरगी सरळ उभी र्‍हा" म्हणणारंही. सागरला मी सांगून ठेवलं आहे, अक्षता पडल्या की पहिला नमस्कार यमुनाकाकूंना करायचा. त्या येणार आहेत. अण्णा स्वतः आमंत्रण द्यायला वरकुट्याला जाऊन आले! काय बोलले ते सांगत नाहीत. येताना डाळिंबं मात्र पाटीभर घेऊन आले.

आता एक वचन देते आणि थांबते. नर्सरीच्या जागेचं मी दादाशी आणि वहिनीशी समोरासमोर बसून बोलणार आहे, लग्नाच्या आधीच. मला काय हवं ते मागेन. जे द्यायचं नसेल ते त्यांनी तोंडावर नाही म्हणावं, भांडायचं तर भांडू. पण त्यांना निवांत झोप लागावी म्हणून मी माझं नाव कापणार नाही, आणि मला जागा मिळावी म्हणून ते मिरवणारही नाही. नाव मला आवडतं म्हणून लावणार. दोन्ही आवडतात म्हणून दोन्ही लावणार. आणि पुढं माझ्या दारात कुणी बाई पिशवी घेऊन आली, तर तिला आत घेताना मी तिचं आडनाव विचारणार नाही.

तुझीच भाची,

स्वाती बारवकर-चांदगुडे

(लग्नाला अजून अवकाश आहे, मला माहीत आहे. सही गिरवून बघते आहे. लांब होते खरी, पण हात बसेल.)